पाइलमधल्या नळ्या: खान्देशात इमारतीच्या पायातून गारवा आणि गरम पाणी कसं मिळवावं

डिसेंबरच्या पहाटे विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसते आणि मे महिन्यात तेच पाणी अंगावर घेतलं की गार लागतं. पाणी तेच असतं, बदललेली असते बाहेरची हवा. आठ-दहा मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर जवळजवळ एकच राहतं. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात ते साधारण २७ ते २९ अंश सेल्सिअस धरून चालावं. वर हवा हिवाळ्यात १० अंशांखाली उतरते आणि उन्हाळ्यात ४५ च्या वर जाते. जुन्या लोकांनी धान्याचं पेव जमिनीत खोदलं आणि धाब्याच्या घरावर हातभर माती चढवली, ती याच हिशोबाने.

मोठ्या इमारतीचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, याच स्थिर जमिनीत उतरलेले असतात. काँक्रीट ओतण्याआधी लोखंडाच्या पिंजऱ्याला प्लॅस्टिकच्या नळ्या बांधल्या, त्यात पाणी फिरवलं आणि ते पाणी हीट पंपाला, म्हणजे वीज वापरून उष्णता एका जागेहून दुसरीकडे नेणाऱ्या यंत्राला, जोडलं की इमारतीचा पाया उष्णतेची देवाणघेवाण करू लागतो. ऑस्ट्रियात हे १९८० च्या दशकात सुरू झालं. झुरिक विमानतळाच्या एका टर्मिनलखाली असे सुमारे ३०० पाइल आहेत. पण तिकडची गरज मुख्यतः इमारत उबदार ठेवण्याची, म्हणून ते जमिनीतून उष्णता काढतात. आपल्याकडे मार्च ते जून उष्णता जमिनीत टाकायची असते. म्हणून तिकडची रीत जशीच्या तशी उचलली तर पहिले दोन उन्हाळे बरे जातात आणि तिसऱ्या वर्षापासून यंत्रणा दमायला लागते. ते का, हे आधी समजून घेऊ.

ही उष्णता गरम झऱ्यासारखी जमिनीच्या पोटातून येते, हा गैरसमजही दूर करायला हवा. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. तिथे खोलवरून तापून आलेलं पाणी खडकाच्या भेगांतून वर येतं. पाइलच्या कामाचा त्याच्याशी संबंध नाही. इथे जमीन म्हणजे उष्णतेची कोठी आहे. जितकं टाकाल तितकं साठेल आणि जितकं काढाल तितकं कमी होईल.

आधी वर्षाची खतावणी मांडा

नळीचा एक मीटरही विकत घेण्याआधी वर्षभरात जमिनीत किती उष्णता जाणार आणि किती बाहेर येणार, हे कागदावर मांडा. उदाहरण म्हणून जळगावातलं ४०-५० खाटांचं रुग्णालय घेऊ. ६०० मिमी व्यासाचे, १५ मीटर खोल ४० पाइल आहेत आणि त्यातल्या ३० मध्ये नळ्या टाकायच्या आहेत. वरचे ३ मीटर सोडून (कारण पुढे येईल) प्रत्येक पाइलची कामाची लांबी १२ मीटर, म्हणजे एकूण ३६० मीटर. पहिल्या अंदाजाला मीटरमागे ३५ वॅट धरा. जमिनीत एका वेळी १२.६ किलोवॅट उष्णता टाकता येईल.

हीट पंप १ युनिट विजेत ४.५ युनिट गारवा देत असेल, तर १२.६ किलोवॅट उष्णता बाहेर टाकताना खोल्यांना मिळणारा गारवा सुमारे १०.३ किलोवॅट, म्हणजे ३ टनांपेक्षा जरा कमी. इथे बऱ्याच जणांचा उत्साह मावळतो, आणि तो इथेच मावळलेला बरा. पायातून संपूर्ण रुग्णालय थंड होणार नाही. मात्र शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, औषधांचं कोठार, सर्व्हरची खोली, अशा ज्या जागी यंत्रं रोज तासन्‌तास चालतात, त्यांचा पायाभूत भार ही यंत्रणा कमी विजेत उचलते. दुपारच्या कडाक्याचा वरचा भार नेहमीच्या एसीवर सोडा.

आता खतावणी. वर्षातले २०० दिवस, रोज १० तास गारवा चालवला, तर जमिनीत २५,२०० युनिट उष्णता जाते. पाइल सरासरी चार-चार मीटरवर असतील, तर त्यांच्या वाट्याला सुमारे ७,२०० घनमीटर जमीन येते आणि ती १ अंशाने तापवायला साधारण ४,६०० युनिट लागतात. कडेने आणि खालून काही उष्णता निघून जाते हे खरं, पण ती न धरता हिशोब केला तर एका उन्हाळ्यात जमीन साडेपाच अंशांच्या आसपास तापते. २८ ची जमीन दोन-तीन वर्षांत ३५ च्या पुढे सरकली की हीट पंपाचा फायदा संपतो.

याला उतारा आहे गरम पाणी. याच रुग्णालयाला रोज ३,००० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायचं असेल, तर रोज सुमारे १०५ युनिट उष्णता लागते. हीट पंप त्यातली २६ युनिट विजेतून घेतो, उरलेली ७८-७९ युनिट पाइलच्या पाण्यातून ओढतो. वर्षाचे होतात २८,६०० च्या आसपास. टाकलेली २५,२०० आणि काढलेली २८,६००. खतावणी जुळली, आणि थोडी काढायच्या बाजूला झुकली हे चांगलंच, कारण जमीन उन्हाळ्याआधी जरा गार होऊन राहते.

म्हणून खान्देशात ही यंत्रणा कुणी करावी याचं उत्तर सरळ आहे. जिथे गारवा आणि गरम पाणी दोन्ही लागतं, तिथे ती शोभते. रुग्णालयं, वसतिगृहं, महामार्गावरची लॉजेस आणि दुधाची केंद्रं यात येतात. दुधाचं गणित तर फारच चांगलं बसतं, कारण दूध ४ अंशांवर आणायचं आणि कॅन व टाक्या धुवायला कढत पाणी हवं, दोन्ही एकाच इमारतीत, दोन्ही रोज. उलट सावदा-रावेरकडच्या केळी पिकवण्याच्या खोल्या बारा महिने फक्त उष्णता बाहेर टाकतात. केळी पिकताना स्वतःही तापतात. तिथे पायात नळ्या टाकल्या तर जमीन तापतच जाईल.

गरम पाण्याची गरज कमी पडत असेल तर दुसरा मार्ग हिवाळ्याच्या रात्रींचा आहे. गच्चीवर पंख्याचा ड्राय कूलर, म्हणजे नळीतलं पाणी बाहेरच्या हवेने थंड करणारी जाळी, बसवा आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, हवा १५ अंशांखाली गेली की पाइलचं पाणी त्यातून फिरवा. कंप्रेसर बंद, फक्त पंप आणि पंखा चालू. जमिनीत साठलेली उन्हाळ्याची उष्णता थंडीच्या रात्री बाहेर काढून टाकायची. हा कूलर आराखड्यात सुरुवातीपासून हवा. नंतर बसवू म्हटलं की तो राहूनच जातो.

तुमच्या प्लॉटखाली काय आहे

तापीच्या उत्तरेला चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात नदीच्या गाळाचा जाड थर आहे. तिथे मोठ्या इमारतींना पाइल लागतात आणि नळ्यांसाठी लांबीही मिळते. अडचण पाण्याची आहे. केळीच्या पट्ट्यात भूजल खोल गेलं आहे आणि १५ मीटरचा पाइल बऱ्याच ठिकाणी कोरड्या गाळातच संपतो. उष्णता वाहून नेण्यात ओल्या आणि कोरड्या जमिनीत फार फरक असतो. ही क्षमता, म्हणजे वाहकता, बघा: पाण्याने भरलेली वाळू सुमारे २.४ वॅट प्रति मीटर-केल्विन, तर कोरडी वाळू ०.४ च्या आसपास. ओली चिकणमाती दीड-पावणेदोन, आपला काळा पाषाण सुमारे १.७. म्हणून माती तपासणीच्या अहवालात पाण्याची पातळी कोणत्या महिन्यात मोजली ते आधी बघा. सप्टेंबरची पातळी धरून केलेला आराखडा मे महिन्यात खोटा ठरतो.

तापीच्या दक्षिणेला आणि धुळ्याकडे चित्र उलटं आहे. काळी माती, मग मुरूम, आणि थोड्याच खोलीवर कठीण पाषाण. इमारती साध्या फुटिंगवर, म्हणजे उथळ पायावर, उभ्या राहतात. जिथे पाइलची गरजच नाही, तिथे केवळ नळ्या टाकण्यासाठी पाइल करणं म्हणजे पैशाची नासाडी. अशा ठिकाणी जोत्याखाली, पाया भरण्याआधी, बोअर मारून त्यात नळी उतरवा. बोअरची गाडी गावोगाव आहे, ६ इंची बोअर पाषाणात सरळ जाते. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा जास्त खोलीची विहीर 'खोल विहीर' धरली आहे, त्यामुळे खोली ६० च्या आत ठेवा आणि परवानगीची चौकशी आधी करा. नळी उतरवल्यावर बोअर तळापासून वर बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती), सिमेंट आणि बारीक वाळूच्या गिलाव्याने भरून घ्या. नुसती वाळू वरून ओतली तर मधे पोकळ्या राहतात आणि हवेची पोकळी उष्णता अडवते. कोरडी पडलेली जुनी बोअर वापरू का, असं पुष्कळजण विचारतात. ती सरळ असेल, पडलेली नसेल आणि तळापासून भरता येत असेल तर हो. बहुतेक बोअरमध्ये या तीनपैकी एक अट मोडते.

राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखालचा एकच जाड स्लॅब, असेल तर राफ्टखाली नळ्यांची जाळी अंथरता येते, पण चौरस मीटरमागे १० ते ३० वॅटपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. राफ्टच्या वर तळघरात यंत्रांची उष्णता असेल तर त्यातला खालचा आकडाच धरा.

काळ्या मातीतले ३.५ मीटरचे अंडर-रीम पाइल (तळाशी फुगीर असलेले आखूड पाइल) या कामाचे नाहीत. व्यास लहान, लांबी तोकडी, आणि ते उभे असतात नेमके त्या थरात जिथे माती दर उन्हाळ्यात भेगाळते.

काळ्या मातीबद्दल जास्त सांगणं गरजेचं आहे, कारण बाहेरच्या मार्गदर्शिकांत ती नसते. गरम पाइलभोवतीची ओल हळूहळू पाइलपासून दूर सरकते. माती वाळली की आक्रसते, पाइल आणि मातीत फट पडते. मग उष्णता जात नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे मातीची पाइलवरची पकड सैल होते. म्हणून दोन नियम पाळा. वरचे ३ ते ३.५ मीटर नळीवर नायट्राइल फोमची वेष्टनं चढवून उष्णतेच्या कामातून काढून टाका. आणि पाइलमध्ये जाणाऱ्या पाण्याचं तापमान ४० अंशांच्या वर कधीही जाऊ देऊ नका. कंट्रोलरमध्ये ही मर्यादा अशी बसवा की ती ओलांडली की हीट पंप आपोआप थांबेल.

चाचणी पाइल

अंदाजाचे ३५ वॅट हे आराखडा सुरू करण्यापुरते. खरा आकडा जागेवर मिळतो. पहिल्या एका पाइलमध्ये किंवा बोअरमध्ये नळी टाका, गिलावा किंवा काँक्रीट पक्कं होऊ द्या (पाइलला २८ दिवस). आधी हीटर बंद ठेवून अर्धा तास पाणी फिरवा आणि जमिनीचं मूळ तापमान नोंदवा. मग मीटरमागे ५० वॅटचा स्थिर हीटर लावून बोअरमध्ये किमान ४८ ते ७२ तास पाणी फिरवा. ६०० मिमी पाइलला त्याहून जास्त वेळ लागतो, कारण आधी काँक्रीटच तापत राहतं. जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याचं सरासरी तापमान वेळेच्या नैसर्गिक लॉगरिदमसमोर मांडा. सरळ रेषेचा चढ २.५ अंश आला, तर ५० भागिले (४ × ३.१४ × २.५), म्हणजे वाहकता १.६ च्या आसपास.

ही चाचणी बहुतेक वेळा वीज गेल्याने बिघडते. तीस तासांनी लाईट गेली की मोजमाप वाया. जमीन पुन्हा मूळ तापमानाला यायला दहा-बारा दिवस थांबावं लागतं. चाचणी पहिल्या मिनिटापासून जनरेटरवरच चालवा आणि हीटरचा व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून द्या. उघड्यावरच्या नळ्या झाका. मे महिन्याच्या दुपारी उघडी काळी नळी स्वतःच हीटर बनते.

नळी आणि पिंजरा

नळी एचडीपीई पीई १०० किंवा क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनची, म्हणजे पीईएक्सची घ्या, दाबवर्ग एसडीआर ११ (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट). ठिबकची लॅटरल चालणार नाही. जळगावात ती कोपऱ्यावर मिळते म्हणून मोह होतो, पण तिची भिंत पातळ असते आणि ओल्या काँक्रीटच्या वजनाखाली ती चेपते. पीव्हीसी आणि सीपीव्हीसीही नको. सोल्यूशनने चिकटवलेला सांधा पाइल गरम-गार होत राहिला की सुटतो, आणि काँक्रीटच्या आत त्याला हात लावता येत नाही.

वाकवण्याची मर्यादा आधीच बघा. पीई १०० नळी तिच्या व्यासाच्या वीसपटीपेक्षा आवळून वाकवू नये. ३२ मिमी नळीला ६४० मिमीची त्रिज्या लागते. ६०० मिमी पाइलचा पिंजरा आतून जेमतेम ४५० मिमी असतो, त्यात हा वळसा बसत नाही. जोराने बसवला तर नळी चपटी होते आणि महिन्याभराने तिथेच चिरते. म्हणून एक तर २५ मिमी पीईएक्स नळी घ्या, जी आठपट त्रिज्येत, म्हणजे २०० मिमीत वळते, आणि पूर्ण पाइलसाठी एकच अखंड तुकडा वापरा. किंवा ३२ मिमी एचडीपीई घेऊन तळाला कारखान्यात जोडलेला यू-बेंड लावा. पीईएक्स मिळत असेल तर तेच. काँक्रीटमध्ये एकही सांधा नसणं याची किंमत नळीच्या दरातल्या फरकापेक्षा मोठी आहे.

नळी खाली, वर, पुन्हा खाली, वर अशी चार पदरांत बांधा. १५ मीटर पाइलला टोकांसह ६५ ते ७० मीटर लागते. पदर पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला, एकमेकांपासून सुमारे ३५ सेंमी. बाहेरच्या बाजूला बांधली तर पिंजरा उतरवताना बोअरच्या भिंतीला घासते. तळाचा वळसा पिंजऱ्याच्या टोकापासून किमान अर्धा मीटर वर ठेवा, कारण पिंजरा टेकताना पहिला मार तिथेच बसतो. बांधायला नायलॉनचे टाय, दर ४० सेंमीवर. सेंट्रिंगवाल्यांच्या हातात बाइंडिंग वायर असते आणि पिळ आवळायची सवयही असते. तार नळीत रुतते. हे काम सुरू होण्याआधी त्यांना समोर बसवून समजावून सांगा आणि टायची पिशवी हातात द्या.

मधे ट्रेमी पाइपला, म्हणजे काँक्रीट तळापर्यंत नेणाऱ्या नळीला, वाट मोकळी हवी. २०० मिमीचा ट्रेमी वर-खाली होताना त्याची कड नळीवर आपटते. ६०० मिमी पाइलला मधे किमान ३०० मिमी मोकळी जागा सोडा. ४५० मिमी पाइलमध्ये दोनच पदर टाका.

पिंजरा दोन तुकड्यांत येत असेल तर वेल्डिंगच्या जागी नळीवर ओलं पोतं आणि पत्रा ठेवा. ठिणगी पडून पडलेलं भोक टाचणीएवढं असतं आणि डोळ्याला दिसत नाही. ते फक्त दाबाच्या चाचणीत सापडतं.

काँक्रीटचा दिवस

पिंजरा उचलण्याआधी नळीत पाणी भरून ६ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब द्या. पॉलिथिलीन ताणतं, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात काटा खाली येतोच. पुन्हा ६ वर आणा आणि मग तासभर बघा. चाचणी सकाळी आठच्या आत संपवा. उन्हात नळी तापली की काटा हलत राहतो आणि गळती आहे की ऊन आहे, हे कळत नाही.

पिंजरा उतरवताना आणि काँक्रीट चालू असताना दाब काढू नका. कारण साधं आहे. १५ मीटर खोलीवर ओल्या काँक्रीटचा दाब सुमारे ३.६ किलो असतो, आणि नळीतल्या पाण्याच्या स्वतःच्या उंचीचा दीडच किलो. वरून दाब दिला नाही तर गरम, मऊ नळी चेपायला वाव राहतो. मीटरवर ५ किलो ठेवा आणि एक माणूस फक्त त्या मीटरसमोर बसवा. काटा झपकन पडला तर काँक्रीट तिथेच थांबवा. पिंजरा वर काढता येण्याची वेळ त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांचीच असते. काटा सावकाश उतरत असेल तर काम पुरं करा, तो पाइल चक्रातून वगळा आणि आराखड्यात तशी नोंद करा. म्हणूनच ३० पाइल हवे असतील तर ३३ मध्ये नळ्या टाका.

काँक्रीटचा स्लम्प, म्हणजे ओला माल साच्यातून काढल्यावर किती खाली बसतो तो आकडा, १५० ते १८० मिमी. घट्ट माल नळ्यांच्या मागे पोहोचत नाही आणि पोकळी राहते. दाब तीन दिवस तसाच ठेवा. टोकांना टोपणं घट्ट लावा, कारण उघड्या तोंडात पहिल्या दिवशी माती जाते आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी विडीचं थोटूक टाकतं.

आणि मग येतो सगळ्यात धोक्याचा दिवस, पाइलचं डोकं तोडण्याचा. कट-ऑफच्या, म्हणजे पाइलच्या ठरलेल्या माथ्याच्या, वर अर्धा-एक मीटर जादा काँक्रीट असतं, ब्रेकर लावून ते तोडतात, आणि नळी नेमकी त्यातूनच वर आलेली असते. काँक्रीटमध्ये तीस पाइल नीट उतरवून इथे आठ कापले जाणं अजिबात अवघड नाही. उपाय काँक्रीटच्या आधी करायचा असतो. कट-ऑफच्या खाली २०० मिमीपासून वर शेवटपर्यंत नळीवर ५० मिमीची लवचिक कंड्युट चढवा, आत फोम भरा, बाहेर लाल टेप गुंडाळा. तोडताना ब्रेकर नळ्यांपासून लांब चालवा, आणि लाल टेप दिसली की छिन्नी-हातोडा. तोडल्यावर पुन्हा ६ किलोची चाचणी घ्या, तोडणाऱ्या ठेकेदाराच्या समोर, आणि त्याचं बिल या चाचणीनंतरच द्या. ही अट करारात लिहिलेली असेल तर नळ्या वाचतात.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला काय विचारायचं

पाइल १२ अंशांनी तापला तर १५ मीटरचा पाइल सुमारे १.८ मिमी वाढायला बघतो. दोन्ही टोकं पूर्ण जखडलेली असली, तर एम ३० काँक्रीटमध्ये ३ न्यूटन प्रति चौरस मिमीहून थोडा जास्त ताण वाढतो. ६०० मिमी पाइलवर हा ९५ टनांच्या आसपासचा भार झाला. प्रत्यक्षात पाइल इतका जखडलेला नसतो, पण तळ पाषाणात रोवलेला आणि वर जाड पाइल कॅप (पाइलची डोकी जोडणारा काँक्रीटचा ठोकळा) असेल तर बराचसा असतो. हा आकडा इंजिनिअरला आधी द्या. आयएस २९११ या भारतीय मानकात पाइलचा नेहमीचा हिशोब आहे, तापमानाचा भार त्यांना वेगळा धरावा लागेल. एकाच कॅपखालचे काही पाइल गरम आणि काही गार असतील तर कॅपमध्ये वाकण्याचा ताण येतो. म्हणून एका कॅपखालचे सगळे तरी चालू ठेवा किंवा समोरासमोरचे जोडीने निवडा.

जोडणी

१२ मीटर कामाच्या लांबीचा एक पाइल साधारण ४२० वॅट घेतो. त्यासाठी वेगळा चक्रमार्ग करण्यात अर्थ नाही. पाच-पाच पाइल एकामागोमाग जोडा, असे सहा मार्ग. २५ मिमी नळीत मिनिटाला ८ लिटर पाणी सोडा. वेग सेकंदाला ०.४ मीटर होतो, पाणी घुसळत जातं आणि उष्णता नीट घेतं. पाच पाइलमधून जाताना पाण्यात पावणेचार अंशांचा फरक पडतो आणि ३५० मीटर नळीत साडेचार मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) जातो. वळणं, मॅनिफोल्ड (सगळे मार्ग एकत्र येतात तो जोड) आणि हीट पंपाचा वाटा त्यात मिळवून पंप निवडा. गरजेपेक्षा दुप्पट पंप बसवला तर वाचवलेली वीज तोच खातो.

परदेशी आराखड्यात २५-३० टक्के ग्लायकोल लिहिलेलं असतं. आपलं पाणी २० अंशांच्या खाली फारसं उतरत नाही, गोठण्याचा प्रश्नच नाही. ग्लायकोलने पाणी घट्ट होतं आणि पंपाचा खर्च वाढतो. साधं पाणी भरा, पण बोअरचं नको. इकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार हीट पंपाच्या प्लेटवर बसतो. आरओचं किंवा मऊ केलेलं पाणी भरा आणि गंजरोधक टाका.

जमिनीतले सांधे इलेक्ट्रोफ्यूजनने, म्हणजे विजेच्या उष्णतेने प्लॅस्टिक वितळवून, करा. आधी नळीचा वरचा पापुद्रा खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, क्लॅम्प लावा, आणि सांधा थंड होईपर्यंत हलवू नका. एप्रिल-मे मध्ये वावटळ उठते. धूळ बसलेला सांधा दिसायला उत्तम असतो आणि दाबात सुटतो, म्हणून ताडपत्रीच्या आडोशाला काम करा. जोत्याच्या बीममधून नळी जाताना स्लीव्ह (बाहेरची संरक्षक नळी) हवीच.

भरताना हवा काढणं हे वेगळं काम आहे. चार पदरांच्या नळीत वरच्या वळणावर हवा अडकते. प्रत्येक मार्ग एकेकटा उघडा आणि सेकंदाला किमान ०.६ मीटर वेगाने, म्हणजे २५ मिमी नळीत मिनिटाला १२ लिटर, पंधरा-वीस मिनिटं धुवा. ३२ मिमीला २० लिटर लागतात. परतीच्या पाण्यात बुडबुडे दिसेनासे झाले की पुढचा मार्ग. मॅनिफोल्डवर प्रत्येक मार्गाला बॉल व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग व्हॉल्व्ह आणि फ्लो मीटर हवा. एक मार्ग बिघडला तर तेवढाच बंद करता येतो.

२८ अंशांचं पाणी खोली थेट थंड करू शकत नाही, त्याला कंप्रेसर लागतोच. पण एक काम ते फुकट करतं. शस्त्रक्रियागृहात आत घेतली जाणारी बाहेरची ताजी हवा आधी पाइलच्या पाण्याच्या कॉइलवरून न्या. तासाला १,००० घनमीटर हवा ४४ वरून ३३ अंशांवर आली की जवळजवळ एक टनाचा भार कंप्रेसरविना उतरला. ही कॉइल हीट पंपाच्या आधी, सगळ्यात गार पाण्यावर बसवा. पावसाळ्यात बायपास करा, तेव्हा तिचा उपयोग नसतो.

चालवताना

काँक्रीट २८ दिवसांचं होण्याआधी उष्णता टाकू नका. सुरू करण्याचा उत्तम महिना डिसेंबर. आधी गरम पाण्यासाठी उष्णता काढायला लागा, म्हणजे पहिला उन्हाळा गार जमिनीवर सुरू होतो. एप्रिलमध्ये सुरू केलं तर उलट होतं.

रोज दोन नोंदी ठेवा, पाइलकडे जाणारं पाणी आणि परत येणारं पाणी. शिवाय दोन पाइलमध्ये १० मीटर खोलीवर तापमापक पुरलेले असावेत. ते काँक्रीटच्या आधीच पिंजऱ्याला बांधावे लागतात. दर वर्षी १ मार्चचा आकडा मागच्या वर्षीच्या १ मार्चशी ताडा. अर्ध्या-एक अंशाची चढउतार चालते. दोन वर्षांत २ अंश चढले तर खतावणी बिघडली आहे. गरम पाण्याचा वापर ठरल्यापेक्षा कमी झालाय का बघा, थंडीत ड्राय कूलर जास्त तास चालवा, आणि तोवर उन्हाळ्यातले गारव्याचे तास कमी करा. नळी किंवा हीट पंप बदलून हा प्रश्न सुटत नाही.

एखाद्या मार्गाचा प्रवाह कमी होत गेला तर आधी गाळणी बघा, मग हवा. मार्गाचा दाब आठवड्याला थोडा-थोडा उतरत असेल तर मॅनिफोल्डचे सांधे तपासा, गळती बहुतेक तिथेच असते. परतीचं पाणी ३६-३७ वर आणि जाणारं ४० ला टेकत असेल, तर त्या दिवशीचा भार नेहमीच्या एसीकडे वळवा.

शेवटी नकाशा. कोणत्या पाइलमध्ये नळी आहे, ती जोत्याखालून कुठून जाते, कोणता पाइल वगळला, हे सगळं मोजमापांसह काढा आणि मॅनिफोल्डच्या खोलीत भिंतीवर चौकटीत लावा. दहा वर्षांनी कुणीतरी लिफ्टच्या खड्ड्यासाठी किंवा पाण्याच्या टाकीसाठी त्याच जागी ड्रिल लावणार आहे. त्याला हा कागद सापडायला हवा.